प्रदर्शनाला जाताना मोडका ड्रिल सोबत न्या

२०१९ च्या जानेवारीत मी आणि माझी मैत्रीण मनमाड स्टेशनवर कर्नाटक एक्सप्रेसची वाट बघत उभ्या होतो. डिप्लोमा मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. माझ्या पाठपिशवीत आईनं दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन वह्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आठ मिलिमीटरचा एक मोडका ड्रिल, म्हणजे मशीनला लावून धातूत होल पाडायचं टूल, होता. निघालो होतो बंगळुरूला, इम्टेक्स बघायला. मला पहिलं काम मिळालं ते त्या मोडक्या ड्रिलमुळे. आज नाशिकमध्ये अंबडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-टूल बनवणाऱ्या शॉपमध्ये, सहा वर्षं काढल्यावर, आपल्याकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. असा प्रवास नुसता बघून येण्यासाठी करू नये. त्यातून माणसं जोडली जावीत, आणि ती कशी जोडायची हे शिकता येतं.

इम्टेक्स ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मशीन टूल बनवणाऱ्यांची संघटना इम्टमा हे प्रदर्शन भरवते. पहिलं १९६९ मध्ये मुंबईत झालं. आता ते बंगळुरूला तुमकूर रस्त्यावर बीआयईसी या प्रदर्शन केंद्राच्या आवारात भरतं. विषम वर्षी जानेवारीत मेटल कटिंगचं असतं. लेथ, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), ग्राइंडिंग, कटिंग टूल्स, मोजमापाची उपकरणं असं सगळं त्यात येतं. सम वर्षी फॉर्मिंगचं, म्हणजे प्रेस, शीट मेटल वगैरे. कोरोनाच्या काळात वेळापत्रक हललं होतं, एरवी हाच क्रम. तुमचा जीव प्रेसशॉपमध्ये रमत असेल तर विषम वर्षी जाऊन पाय दुखवून घेऊ नका, एक वर्ष थांबा.

आधी प्रश्न, मग तिकीट

कॉलेजचे गट मी तिथे पाहिलेत. पंधरा जण एकत्र फिरतात, पिशव्या भरून कॅटलॉग घेतात, मोठ्या मशीनसमोर फोटो काढतात. गावी परतल्यावर कॅटलॉग रद्दीत जातात. पोरं हुशार असतात, कष्टाळूही असतात, पण हातात प्रश्न नसतो. त्यामुळे स्टॉलवरच्या माणसाला त्यांच्याशी बोलायचं काय हेच कळत नाही.

प्रश्न नाशिकमध्येच शोधायचा. आपल्या शहरात ही मोठी सोय आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, जिकडे पाहाल तिकडे युनिट्स. बॉशचा सातपूरचा कारखाना, ज्याला जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, महिंद्रा, ओझरचं एचएएल, यांच्याभोवती सुटे भाग बनवणारी कितीतरी लहान शॉप्स वाढली. तुमच्या गल्लीत, नात्यात कोणी ना कोणी तिथे कामाला असतंच. माझे पप्पा सातपूरला टर्नर होते. त्यांच्या मित्राचं अंबडला तीन व्हीएमसीचं युनिट. मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, “काका, सध्या कुठला जॉब तुमचं डोकं खातोय?”

जॉब म्हणजे मशीनवर बनवायचा भाग. हाच प्रश्न विचारा. “तुमच्याकडे काय काम चालतं?” असं विचारलंत तर माणूस शॉप दाखवून चहा पाजतो आणि वाटेला लावतो. डोकं खाणारा जॉब मात्र प्रत्येकाकडे असतो, आणि त्याबद्दल बोलायला माणूस तयार असतो. मशीनवर सेटिंग चालू असताना जाऊ नका. दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं शांत मिळतात, ती गाठा.

काकांचा जॉब ईएन ८ या पोलादाचा होता. त्यात आठ मिलिमीटरचं होल, खोली १२० मिलिमीटर. म्हणजे व्यासाच्या पंधरा पट. एवढ्या खोल होलातून चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, बाहेर यायला वाट मिळत नाही. ती ड्रिलच्या खाचेत ठासून बसते, ड्रिल पिळवटतो आणि मोडतो. तुकडा आत राहिला की जॉबही भंगारात. म्हणून पेकिंग करायचं. ड्रिल थोडा आत घालायचा, बाहेर काढायचा, परत आत. त्यात सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, वाढतो. एवढं करूनही काकांचा ड्रिल तीस-पस्तीस जॉबला मोडायचाच.

मी वहीत मटेरियल, होलची मापं, आरपीएम (फिरण्याचा वेग), फीड (आत शिरण्याचा वेग), मशीन कोणतं, कूलंट (गार ठेवणारं पाणी-तेल) कसं, किती जॉबला ड्रिल जातो हे सगळं लिहून घेतलं. काकांनी मोडलेला ड्रिल हातात ठेवला आणि म्हणाले, “हा घेऊन जा. बघू काय म्हणतात.”

एक गोष्ट नीट पाळा. ड्रॉइंगचा फोटो काढू नका. ते ड्रॉइंग शॉपचं नसतं, गिऱ्हाइकाचं असतं. तुम्ही ते बंगळुरूत चारचौघांत दाखवलंत तर काकांचं काम जाऊ शकतं. अडचणीपुरतं चित्र स्वतः हातानं काढा, आणि तेही काकांना दाखवून, विचारून.

ओळखीत कोणीच नसेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरांना विचारा. ते बहुधा कुठल्यातरी शॉपमध्ये हात काळे करून आलेले असतात. निमा आणि आयमा या आपल्याकडच्या उद्योजकांच्या संघटना. त्यांचं नाशिकमध्ये काही प्रदर्शन असेल तर तिथे आधी सराव करा. अनोळखी माणसाला थांबवून बोलायची भीती घराजवळ मोडलेली बरी.

जाणं, राहणं, घरच्यांना पटवणं

कर्नाटक एक्सप्रेस मनमाडहून दौंड, सोलापूर करत दुसऱ्या दिवशी बंगळुरूला पोचवते. नाशिकरोडहून मनमाडला रेल्वेनं किंवा बसनं जाता येतं. पण गाडी गाठायला दोन तास हाताशी ठेवा. तिकिटं आता ६० दिवस आधीच उघडतात, पूर्वी १२० दिवस असायचे. जानेवारीच्या उत्तरार्धात जायचं तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सकाळी आठला मोबाइल घेऊन बसायचं. २०१९ ला मेट्रो नागसंद्रापर्यंतच होती. नोव्हेंबर २०२४ पासून ग्रीन लाइन मादावरापर्यंत जाते आणि ते स्टेशन बीआयईसीसाठीच आहे. रेल्वेतून उतरून मॅजेस्टिकला मेट्रोत बसलात की थेट. त्यामुळे राहण्यासाठी प्रदर्शनाजवळचं महाग हॉटेल शोधू नका. त्या आठवड्यात तिकडचे भाव चढतात. ग्रीन लाइनवरच्या कुठल्याही स्टेशनजवळ राहा.

आम्ही दोघीच जाणार म्हटल्यावर दोन्ही घरांत नकार होता. मी पप्पांना गाडीचा नंबर, राहायच्या ठिकाणाचा पत्ता आणि फोन, रोज संध्याकाळी सातला फोन करण्याची वेळ, असं सगळं कागदावर लिहून दिलं. आणि काकांनाच घरी बोलावून प्रश्न काय आहे ते सांगायला लावलं. पप्पा टर्नर, त्यांना पंधरा पट खोल होल म्हणजे काय ते क्षणात कळलं. त्यांनी आईला समजावलं. मुलींनी एकटीनं जाऊ नये असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या खेपेला जोडीनं गेलेलं सोपं जातं. स्टॉलवर नंबर देताना लिंक्डइन किंवा ईमेल द्या. कंपनीचं कार्ड देणाऱ्यालाच व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या. रात्रीच्या जेवणाचं कोणी बोलावलं तर सरळ नाही म्हणा. कामाचं बोलणं दिवसा हॉलमध्ये होतं.

प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करा. विद्यार्थ्यांना कोणत्या दिवशी, कशा रीतीनं सोडतात याचे नियम प्रत्येक वेळी वाचून घ्या. इम्टमाचा ‘जागृती’ नावाचा विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रमही आहे, त्याबद्दल कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना विचारायला लावा. कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जवळ असू द्या.

बंगळुरूपर्यंत जायची ऐपत नसेल तर गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात वर्षभर काही ना काही चालू असतं. ऑटोमेशन, पॅकेजिंग, प्लॅस्टिक, वाट्टेल ते. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना तेच जास्त उपयोगी. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी पकडायची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरायची आणि राम मंदिर किंवा गोरेगावला उतरायचं. परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, म्हणून साडेचारला हॉल सोडा. पासधारकांच्या डब्यात चढू नका. एका दिवसात चार स्टॉल नीट होतात, आणि चार पुरे.

स्टॉलवर

पहिल्या दिवशी मी चुकले. बायोडेटाच्या वीस प्रती काढून नेल्या होत्या, त्यातल्या अकरा वाटल्या. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. स्टॉलवर उभी असलेली माणसं मशीन विकायला आलेली असतात, भरती करायला नाही. बायोडेटा मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा, आणि कोणी मागितला तरच पाठवा.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी हॉल उघडल्या उघडल्या मी एका कटिंग टूलच्या स्टॉलवर गेले. उघडल्यावरचा पहिला तास सर्वांत चांगला. माणसं ताजी असतात आणि मोठी गिऱ्हाइकं अजून नाश्ता करत असतात. रात्री आरशासमोर पाठ केलेलं हिंदीत बोलले: “नमस्कार सर, मी नाशिकहून आले आहे, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडच्या एका शॉपमध्ये हा ड्रिल मोडतो. अ‍ॅप्लिकेशनचं कोणी आहे का? पाच मिनिटं हवी होती.” आणि पुडी उघडून ड्रिल टेबलावर ठेवला.

अ‍ॅप्लिकेशन हा शब्द लक्षात ठेवा. सेल्सचा माणूस किंमत सांगतो. शॉपमध्ये उभा राहून ट्रायल घेतो तो अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर. तुम्हाला भेटायचं ते याला. तो माणूस आतून आला, ड्रिल उचलून उजेडात धरला, कडा बघितल्या. मग तीन प्रश्न विचारले. कूलंट बाहेरून की स्पिंडलमधून (टूल फिरवणाऱ्या दांड्यातून)? ड्रिल किती बाहेर काढून पकडलाय? रनआउट (फिरताना ड्रिल मध्यापासून किती डगमगतो ते) मोजलाय का? पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्या वहीत होती. तिसऱ्याचं नव्हतं. मी म्हटलं, “सर, मोजलेला नाही. मी आत्ता फोन करून विचारते.”

मी बाजूला जाऊन काकांना फोन लावला. काकांनी पोराला मापाचा डायल लावायला सांगितलं. अर्ध्या तासानं उत्तर आलं: ६० मायक्रॉन. ते घेऊन परत गेले तर ते इंजिनिअर म्हणाले की नवा महागडा ड्रिल घ्यायच्या आधी कोलेट (ड्रिल धरणारी पकड) बदला, टेपर (होल्डर स्पिंडलमध्ये बसतो ती निमुळती बाजू) पुसा, आणि रनआउट वीस मायक्रॉनच्या आत आणा. होल्डरच वाकडा फिरत असेल तर ड्रिल कोणाचाही घेतला तरी मोडणारच. पुढे कधी स्पिंडलमधून कूलंट येणारं मशीन घेतलं तर काय करायचं, तेही त्यांनी माझ्या वहीत चित्र काढून दाखवलं. आधी व्यासाच्या दोन-तीन पट खोलीचं पायलट होल, लांब ड्रिलपेक्षा एक-दोन शतांश मिलिमीटरनं मोठं. लांब ड्रिल त्यात हळू फिरवत घालायचा, मग कूलंट चालू, मग पूर्ण वेग आणि एका दमात तळापर्यंत. पेकिंग नाही. चिप कूलंटच्या दाबानं बाहेर फेकली जाते.

माझी पाच मिनिटं मागितलेली, बोलणं चाळीस मिनिटं चाललं.

ही गोष्ट ड्रिलपुरती नाही. गेल्या वर्षी, २०२५ ला, मी दोन ज्युनिअरना सोबत नेलं. त्यातल्या एकाचे मामा पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेच्या फवारणी यंत्राचे पितळी भाग बनवून घेतात. दोन होल आत जिथे एकमेकांना छेदतात तिथे बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कड, राहते आणि पोरं ती हातानं घासत बसतात. त्यानं दोन पितळी तुकडे खिशात घातले होते. इंग्रजीची त्याला फार धास्ती. मी सांगितलं, तुकडा पुढे कर आणि बोटानं जागा दाखव. तसंच केलं त्यानं. डीबरिंग टूलच्या स्टॉलवरच्या बाईंनी स्प्रिंगचं टूल आणून तिथल्या तिथे दाखवलं. मग दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत छान बोलत राहिले.

आपलीच माणसं

खरी भेट मात्र जेवणाच्या रांगेत झाली. शनिवारीच, दुपारी. माझ्या हातात ड्रिलची पुडी होती, मैत्रिणीशी मराठीत बोलत होते. पुढचे एक गृहस्थ वळले. “कुठल्या गं तुम्ही?” “नाशिकच्या काका, सिडको, पवननगर.” ते अंबडला टूलरूम चालवतात असं निघालं. पुडीत काय आहे विचारलं. मी सगळं सांगितलं, रनआउटसकट. त्यांनी ताट हातात घेऊन तिथेच वही मागितली आणि ते पायलट होलचं चित्र बघत राहिले. म्हणाले, “आमच्याकडेही असा एक जॉब आहे. परत गेलीस की ये शॉपवर.”

त्या टूलरूमच्या गेटवर मी तीन महिन्यांपूर्वी बायोडेटा ठेवून आले होते. आमच्या घरापासून ती चार किलोमीटरवर आहे. घराजवळच्या ज्या माणसाला मी गाठू शकले नव्हते, तो मला हजार किलोमीटरवर भेटला. याचं कारण मला आता कळतं. नाशिकमध्ये मालक सकाळपासून डिस्पॅच, पेमेंट, मशीन बंद, यांत अडकलेला असतो. प्रदर्शनात तो दोन दिवस मोकळा असतो, नवं काही बघायला आलेला असतो, आणि परमुलखात आपली भाषा ऐकली की थांबतो. म्हणून परदेशी कंपन्यांच्या झगमगत्या स्टॉलमागे सगळा दिवस घालवू नका. रांगेत, मेट्रोत, परतीच्या गाडीत मराठी बोलणारं कोणी दिसलं तर स्वतःहून नमस्कार करा. परतीच्या कर्नाटक एक्सप्रेसमध्ये आमच्या डब्यात नगरचे आणि सिन्नरचे मिळून पाच जण प्रदर्शनाहून परतत होते. चिवड्याचं पाकीट फोडलं आणि दौंड येईपर्यंत इन्सर्टच्या, म्हणजे टूलला लावायच्या बदलत्या पात्यांच्या, भावांपासून कामगार मिळण्यापर्यंत सगळं ऐकलं. असं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

कार्ड मिळालं की दहा पावलं पुढे जाऊन त्याच्या मागे लगेच लिहा: काय बोललो, त्यांनी काय देतो म्हटलं, मी काय पाठवायचं. मी एका कार्डावर लिहायचं ठेवलं आणि रात्री ते कोणाचं तेच आठवेना. त्यांनी एका सेमिनारचे कागद पाठवतो म्हटलं होतं. ते राहून गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

परत आल्यावर

इथेच बहुतेक जण सोडून देतात, आणि इथेच सगळं घडतं. परतल्यावर पहिलं काम काकांकडे जाण्याचं. प्रश्न त्यांचा होता, उत्तर आधी त्यांना. त्यांनी तोवर कोलेट बदललं होतं, रनआउट १५ मायक्रॉनवर आला होता. मी आठवडाभर रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन जॉब मोजले. पेकिंग तसंच होतं, पण ड्रिल शंभर जॉबच्या पुढे गेला.

मग त्या इंजिनिअरना लिहिलं: “सर नमस्कार. मी नाशिकची डिप्लोमाची विद्यार्थिनी, शनिवारी सकाळी मोडका ८ मिमी ड्रिल घेऊन तुमच्या स्टॉलवर आले होते. कोलेट बदलल्यावर रनआउट ६० वरून १५ मायक्रॉनवर आला. ड्रिल पूर्वी ३५ जॉबला मोडायचा, आता १०० च्या पुढे चालतोय. होलचा फोटो जोडते आहे. तुमच्या वेळेबद्दल मनापासून आभार.” त्यात नोकरीचा शब्द नाही. त्यांना दिवसभरात शेकडो माणसं भेटलेली असतात, पण दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे कळवणारं क्वचित कोणी. त्यांचं उत्तर त्याच रात्री आलं. आजही एखाद्या अवघड ट्रायलला मी त्यांना विचारते.

टूलरूमच्या काकांकडे मी त्या आठवड्यानंतरच्या सोमवारी गेले. गेटवर त्यांचं नाव आणि “बंगळुरूला भेटलो होतो” एवढं सांगितलं. वही आणि काकांच्या शॉपचे आकडे समोर ठेवले. निकालानंतर त्यांनी मला वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला घेतलं, राष्ट्रीय योजनेत रीतसर नोंदणी करून. पहिल्याच महिन्यात त्यांचा तो जॉब माझ्या हातात दिला. वर्ष संपल्यावर कायम केलं.

लगेच काम मिळालं नाही तरी तीन-चार महिन्यांनी एकदा कळवत राहा, पण सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच. निकाल, प्रोजेक्ट पूर्ण झाला, त्यांनी सुचवलेली पद्धत दुसऱ्या कुठे चालली, असं. नुसते गुड मॉर्निंगचे फोटो पाठवलेत तर नंबर म्यूटमध्ये जातो.

खर्चाचं विचाराल तर आमचा दोघींचा मिळून साडेआठ हजार झाला होता. स्लीपरनं प्रवास, दोन रात्री मुलींच्या डॉर्मिटरीत, जेवण बहुतेक घरचं. पैसे मी दिवाळीच्या सुट्टीत पॅकिंगचं काम करून जमवले. काकांनी परत आल्यावर हजार रुपये हातावर ठेवले, ड्रिलचे वाचले म्हणून.

तेव्हा पुढच्या विषम वर्षाच्या जानेवारीसाठी दसऱ्यानंतर लगेच शॉपची फेरी सुरू करा. दिवाळीत सगळे घरी सापडतात, तेव्हा प्रश्न पक्का होतो. नोव्हेंबरात तिकीट, डिसेंबरात काकांच्या मशीनजवळ दोन-तीन संध्याकाळी उभं राहून आकडे घेणं. रनआउट तेव्हाच मोजून घ्या.